मशीन तेच, सेटिंग रोज वेगळी: ॲलन ट्युरिंगची गोष्ट आणि तुमच्या सर्व्हिसचे पासवर्ड



माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट. मी एक छोटी वेब सर्व्हिस लिहिली होती. लॅपटॉपवर मस्त चालायची. शुक्रवारी संध्याकाळी ती सर्व्हरवर डिप्लॉय केली आणि सुरू होताच बंद पडली. परत सुरू केली, परत बंद. दोन तास लॉग वाचल्यावर लक्षात आलं की तिला डेटाबेसचा पासवर्डच मिळत नव्हता. लॅपटॉपवर तो डॉट एन्व्ह नावाच्या फाईलमध्ये होता. ही फाईल गिटमध्ये टाकायची नसते, त्यामुळे ती सर्व्हरवर पोचलीच नव्हती.

मग घाईघाईत मी पासवर्ड सरळ कोडमध्ये लिहिला आणि पुश करून टाकला. सर्व्हिस चालू झाली, मी घरी गेलो. सोमवारी सकाळी आमच्या सीनियरनी तो कोड बघितला. ओरडले नाहीत. शेजारी बसवून घेतलं आणि एनिग्मा मशीनबद्दल माहिती आहे का, असं विचारलं. तेव्हा मला ॲलन ट्युरिंग हे नाव आणि एक सिनेमा एवढंच माहीत होतं. त्या दिवसापासून मी त्याच्याबद्दल वाचत गेलो. आजचा लेख त्याच्याच आयुष्यावर आहे, आणि वाचता वाचता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे काय हेही कळून जाईल.

आधी दोन मिनिटं: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे काय?

तुमच्या आणि तुमच्या मित्राच्या फोनमध्ये एकच चॅटिंग ॲप आहे. दोघांनी ते एकाच प्ले स्टोअरमधून घेतलंय. तरी तुम्हाला तुमचे मेसेज दिसतात आणि त्याला त्याचे. कारण ॲप सारखं असलं तरी लॉगिन बाहेरून दिलेलं आहे.

सर्व्हरवरच्या प्रोग्रामचंही तसंच असतं. प्रोग्राम सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्या हातात एक यादी देते. त्यात एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला किंमत. डेटाबेसचा पत्ता अमुक, पासवर्ड तमुक, पोर्ट ३०००. या यादीतली प्रत्येक नोंद म्हणजे एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. कोडमध्ये फक्त नाव लिहायचं, खरी किंमत बाहेरून येते. नोडमध्ये ती प्रोसेस डॉट एन्व्हमधून वाचतात, पायथनमध्ये ओएस डॉट एन्व्हायरनमधून.

ही सोय १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आली. तेव्हा ट्युरिंगला जाऊन २५ वर्षं झाली होती, त्यामुळे ही त्याची आयडिया होती असं मी म्हणणार नाही. पण मशीन कुणालाही माहीत असली तरी चालेल, जपायची असते ती सेटिंग, ही गोष्ट त्याच्या आयुष्यात जेवढ्या ठळकपणे दिसते तेवढी मला दुसरीकडे कुठे दिसली नाही.

आईवडील भारतात, मुलगा इंग्लंडमध्ये

ॲलन मॅथिसन ट्युरिंगचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. त्याचे वडील ज्युलियस हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये, मद्रास प्रांतात नोकरीला होते. आई एथेल सारा यांचा जन्मच मुळी इथला, आजच्या तमिळनाडूतल्या पोदनूरचा. त्यांचे वडील मद्रासच्या रेल्वेत इंजिनियर होते. भारतातल्या हवेचा त्रास नको म्हणून ॲलन आणि त्याचा मोठा भाऊ जॉन यांना इंग्लंडमध्येच एका निवृत्त लष्करी जोडप्याकडे ठेवलं होतं. आईवडील भारतातून अधूनमधून येऊन जायचे. म्हणजे बरंचसं बालपण परक्या घरात गेलं.

१९२६ मध्ये, तेराव्या वर्षी, त्याला शेरबोर्न नावाच्या बोर्डिंग शाळेत घातलं. शाळा सुरू होण्याच्या दिवशीच देशभर मोठा संप झाला आणि रेल्वे बंद. हा पठ्ठ्या साउदॅम्प्टनच्या बंदरावरून सायकल घेऊन एकटाच निघाला. वाटेत एका खानावळीत रात्र काढली आणि जवळपास १०० किलोमीटर सायकल मारून शाळेत हजर झाला.

शाळेत त्याला क्रिस्टोफर मॉरकम हा मित्र भेटला. दोघांनाही गणित आणि विज्ञानाचं वेड. ॲलनचा त्याच्यावर फार जीव होता. पण फेब्रुवारी १९३० मध्ये क्रिस्टोफर क्षयाने गेला. ॲलनला हा धक्का आयुष्यभर पुरला. माणसाचं मन शरीरात नेमकं कसं राहतं, या प्रश्नाने त्याला तेव्हापासून धरलं. पुढे मशीन विचार करू शकेल का यावर त्याने जे काम केलं, त्याची सुरुवात पुष्कळ अभ्यासक इथेच शोधतात.

१९३६: एकच मशीन, कामं हजार

१९३१ मध्ये तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये गेला आणि १९३५ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, तिथला फेलो झाला. १९३६ मध्ये त्याने एक शोधनिबंध लिहिला. प्रश्न शुद्ध गणिताचा होता: कुठलंही विधान सिद्ध होऊ शकतं की नाही हे ठरवणारी एखादी ठरावीक रीत असू शकते का? उत्तर आलं, नाही. पण हे दाखवताना त्याने मनातल्या मनात एक मशीन बनवली.

या मशीनला एक लांबलचक पट्टी असते. पट्टीवर चौकोन, चौकोनात खुणा. मशीन एका वेळी एक चौकोन वाचते, खूण बदलते आणि डावीकडे किंवा उजवीकडे सरकते. बस, एवढंच. आता बेरजेसाठी एक मशीन, गुणाकारासाठी दुसरी, असं करत बसावं लागलं असतं. ट्युरिंगने दाखवलं की तशी गरज नाही. एकच मशीन अशी बनवता येते जिला दुसऱ्या कुठल्याही मशीनचं वर्णन पट्टीवर लिहून दिलं की ती त्या मशीनसारखी वागेल. याला युनिव्हर्सल मशीन म्हणतात.

तुमच्या हातातला फोन याच विचारावर चालतो. कॅल्क्युलेटरसाठी वेगळा फोन आणि नकाशासाठी वेगळा फोन घ्यावा लागत नाही. यंत्र तेच राहतं, त्याला काय करायचं ते बाहेरून मिळतं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल हे त्याच रस्त्यावरचं पुढचं पाऊल आहे. प्रोग्राम तोच ठेवायचा. तो टेस्टिंगच्या डेटाबेसशी बोलणार की खऱ्या ग्राहकांच्या, हे बाहेरून सांगायचं.

त्यानंतर ट्युरिंग अमेरिकेत प्रिन्स्टनला गेला आणि १९३८ मध्ये पीएचडी करून परत आला. युरोपात युद्धाचे ढग जमले होते.

एनिग्मा: मशीन सापडली तरी काय उपयोग?

जर्मन सैन्य आपले मेसेज एनिग्मा नावाच्या मशीनवर गुप्त भाषेत बदलून रेडिओवर पाठवायचं. मशीन दिसायला टाइपरायटरसारखी. एक अक्षर दाबलं की दुसऱ्याच अक्षराखालचा दिवा लागायचा. आत फिरणाऱ्या चकत्या असायच्या. दर वेळी बटण दाबलं की चकती एक घर पुढे सरकायची, त्यामुळे तेच अक्षर परत दाबलं तरी बहुतेक वेळा वेगळाच दिवा लागायचा.

एनिग्मा सुरुवातीला बाजारात विकायलाही होती. लढाईत एखादी मशीन शत्रूच्या हाती लागणार हे जर्मनांनी धरूनच ठेवलं होतं. त्यांची सगळी भिस्त रोजच्या सेटिंगवर होती. पाचपैकी कुठल्या तीन चकत्या घ्यायच्या, कुठल्या क्रमाने लावायच्या, कुठल्या अक्षरावरून सुरू करायच्या, आणि पुढच्या बोर्डवर दहा वायरींनी कुठली अक्षरं जोडायची. या सगळ्याचे मिळून पर्याय होतात साधारण १५९ वर १८ शून्यं, इतके.

ही सेटिंग एका कागदावर छापून महिन्याभरासाठी प्रत्येक तुकडीकडे जायची. मध्यरात्री सेटिंग बदलायची आणि कालची निरुपयोगी व्हायची. नौदलाचे असे कागद तर पाण्यात विरघळणाऱ्या शाईने छापलेले असत. बोट बुडायला लागली की कागद पाण्यात, गुपित खल्लास.

आता हे आपल्या भाषेत बघा. एनिग्मा मशीन म्हणजे तुमचा कोड. तो कधीतरी दुसऱ्याच्या हातात जाणार: रेपो पब्लिक होईल, कुणी नोकरी सोडेल, लॅपटॉप चोरीला जाईल. सेटिंगचा कागद म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. मी त्या शुक्रवारी काय केलं होतं? सेटिंगचा कागद मशीनवरच चिकटवून मशीन बाहेर पाठवली होती.

पोलंडचे तिघे आणि ट्युरिंगचं बॉम्ब

एनिग्मा पहिल्यांदा ट्युरिंगने फोडली असं पुष्कळ जण समजतात. ते बरोबर नाही. पोलंडच्या मारियन रेयेव्स्की या तरुण गणितज्ञाने १९३२ च्या डिसेंबरमध्येच लष्करी एनिग्माची आतली जोडणी गणिताने शोधून काढली होती. आणि त्याला मदत कशाची झाली? एका जर्मन माणसाने फ्रेंच हेरखात्याला विकलेल्या सेटिंगच्या कागदांची. येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की हे त्याचे सोबती. जुलै १९३९ मध्ये, युद्ध अगदी दारात आलेलं असताना, पोलंडने ही सगळी माहिती ब्रिटन आणि फ्रान्सच्या हाती दिली.

३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने युद्ध पुकारलं. दुसऱ्याच दिवशी ट्युरिंग ब्लेचली पार्कमध्ये हजर झाला. लंडनच्या वायव्येला असलेल्या या बंगल्याच्या आवारात ब्रिटनचं गुप्त मेसेज फोडण्याचं काम चालायचं.

ट्युरिंगने ओळखलं की सगळे पर्याय तपासत बसणं माणसाला अशक्य आहे. पण मेसेजमध्ये एखादा शब्द नक्की असणार हे माहीत असेल तर? रोज सकाळी ठरावीक वेळी हवामानाचा मेसेज जायचा, त्यात हवामानासाठीचा जर्मन शब्द असणारच. शिवाय एनिग्माची एक खोड होती: कुठलंही अक्षर कधीच स्वतःमध्येच बदलायचं नाही. या दोन गोष्टींवरून त्याने एक मोठी मशीन आखली. अंदाजाचा शब्द दिला की ती चुकीच्या सेटिंग धडाधड बाद करत जायची. तिचं नाव बॉम्ब, पण स्फोटाशी संबंध नाही. पहिली बॉम्ब मार्च १९४० मध्ये बसली. गॉर्डन वेल्चमन या त्याच्या सहकाऱ्याने सुचवलेल्या सुधारणेनंतर ती खऱ्या अर्थाने जोरात चालायला लागली. युद्ध संपेपर्यंत अशा सुमारे २०० मशीन झाल्या आणि त्या रात्रंदिवस चालवायच्या बहुतेक नौदलातल्या तरुण मुली.

लक्षात घ्या, गणितात एनिग्मा मजबूत होती. गळती झाली ती माणसांच्या सवयींतून. रोज तेच शब्द, काही ऑपरेटर तर मेसेजची सुरुवातीची अक्षरं म्हणून मैत्रिणीच्या नावाची आद्याक्षरंच वापरायचे. आपल्याकडेही असंच होतं. पासवर्ड व्यवस्थित एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवलेला असतो, आणि मग कुणीतरी सर्व्हिस का चालत नाही हे बघायला सगळी यादीच लॉगमध्ये छापतं. किंवा डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतं. किंवा पाच सर्व्हिसना एकच पासवर्ड देतं.

समुद्रातली लढाई

ट्युरिंगच्या वाट्याला नौदलाची एनिग्मा आली. ती सगळ्यात अवघड होती. तीनच चकत्या लावायच्या, पण निवडायच्या आठांतून, आणि मेसेज सुरू करण्याची पद्धतही किचकट. बाकीच्यांना ती फुटेल असं वाटत नव्हतं, आणि नेमकं म्हणूनच ट्युरिंगने ती घेतली, कारण तिच्यावर त्याला निवांत एकट्याने काम करता आलं असतं. अमेरिकेहून ब्रिटनकडे अन्नधान्य, इंधन घेऊन येणारी जहाजं जर्मन पाणबुड्या बुडवत होत्या. पाणबुड्या कुठे दबा धरून बसल्यात हे कळलं तर जहाजांचा रस्ता बदलता येत होता.

त्याच्या विभागाला हट ८ म्हणायचे. १९४१ च्या उन्हाळ्यात त्यांना मोठी मदत मिळाली. ब्रिटिश नौदलाने म्युंचन आणि लाउएनबुर्ग ही हवामानाची नोंद करणारी दोन जर्मन जहाजं पकडली आणि त्यांच्यावर सेटिंगचे कागद सापडले. मशीनपेक्षा हा कागद मौल्यवान होता.

पण १ फेब्रुवारी १९४२ ला पाणबुड्यांनी चार चकत्यांची एनिग्मा वापरायला घेतली आणि ब्लेचली पार्कच्या डोळ्यांपुढे अंधार झाला. हा अंधार जवळजवळ दहा महिने टिकला. ३० ऑक्टोबरला भूमध्य समुद्रात यू ५५९ ही पाणबुडी बुडत असताना अँथनी फॅसन आणि कॉलिन ग्रेझियर हे दोन ब्रिटिश नौसैनिक आत उतरले आणि कोडची पुस्तकं वर देत राहिले. सोबत टॉमी ब्राउन नावाचा १६ वर्षांचा कँटीनमधला पोरगा होता. पाणबुडी अचानक बुडाली. फॅसन आणि ग्रेझियर तिच्यासोबत गेले, टॉमी वाचला. त्या पुस्तकांच्या मदतीने डिसेंबरमध्ये हट ८ ला परत मेसेज वाचता यायला लागले.

काही पानांसाठी दोन माणसं जिवाला मुकली. आपण मात्र पेमेंटची की कोडमध्ये लिहून बिनधास्त पुश करतो.

चांदीच्या विटा

ट्युरिंगच्या विक्षिप्तपणाचे किस्से पुष्कळ आहेत. जूनमध्ये परागकणांनी शिंका येतात म्हणून तो गॅस मास्क घालून सायकल चालवायचा. चहाचा मग कुणी नेऊ नये म्हणून रेडिएटरला साखळीने बांधून ठेवायचा. धावायचा तर असा की १९४७ मध्ये त्याने मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत पूर्ण केली.

पण आपल्या विषयाला लागू पडणारा किस्सा चांदीचा आहे. १९४० मध्ये जर्मनी ब्रिटनवर चाल करून येईल अशी भीती होती. बँकेतले पैसे बुडतील म्हणून ट्युरिंगने सुमारे २५० पौंडांच्या चांदीच्या दोन विटा घेतल्या, बाबागाडीत घालून ब्लेचलीजवळच्या रानात नेल्या आणि पुरल्या. जागेची माहिती गुप्त लिपीत लिहून ठेवली. युद्ध संपल्यावर काढायला गेला तर आजूबाजूच्या खुणाच बदललेल्या. मेटल डिटेक्टर घेऊनही शोधलं. विटा कधीच मिळाल्या नाहीत. जर्मनांची गुपितं फोडणाऱ्या माणसाला स्वतःचं गुपित परत सापडलं नाही!

माझ्या सर्व्हिसचं त्या शुक्रवारी हेच झालं होतं. पासवर्ड व्यवस्थित लपवला होता, पण ज्याला तो लागणार होता त्या सर्व्हिसलाच त्याचा पत्ता नव्हता. गुपित बाहेर ठेवणं हे अर्धं काम. योग्य जागी, योग्य वेळी ते मिळेल याची सोय करणं हे उरलेलं अर्धं.

मग डिप्लॉय केलेल्या सर्व्हिसमध्ये हे कसं करायचं?

१. होस्टिंगच्या डॅशबोर्डवर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नावाचा भाग असतो. तिथे नाव आणि किंमत भरा. लॅपटॉपवरची डॉट एन्व्ह फाईल लॅपटॉपपुरतीच असते, सर्व्हरला ती दिसत नाही.

२. नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. लिनक्सवर लहान आणि मोठी लिपी वेगळी धरली जाते. शेवटी चुकून पडलेली एक स्पेसही पासवर्डचा भाग होते.

३. यादी प्रोग्रामला सुरू होताना मिळते, आणि तीही कॉपी. नंतर डॅशबोर्डवर किंमत बदलली तरी चालू असलेल्या प्रोग्रामला कळत नाही. रीस्टार्ट किंवा परत डिप्लॉय करावंच लागतं.

४. प्रत्येक किंमत मजकूर म्हणूनच येते. ३००० हा आकडा नसतो, चार अक्षरं असतात. फॉल्स असं लिहिलं तर जावास्क्रिप्ट आणि पायथन दोघंही त्याला खरं समजतात, कारण तो रिकामा मजकूर नाही. आपणच बदलून घ्यायचं.

५. सर्व्हिस सुरू होतानाच सगळी गरजेची नावं आहेत का ते तपासा. नसेल तर तिथेच थांबवा आणि कुठलं नाव नाही ते लॉगमध्ये लिहा. फक्त नाव, किंमत कधीच नाही. एवढं केलं असतं तर माझे दोन तास वाचले असते.

६. फोनवर किंवा ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडला गुपित देऊ नका. नेक्स्ट जेएसमध्ये नेक्स्ट पब्लिक अशी सुरुवात असलेली व्हेरिएबल बिल्ड होतानाच ब्राउझरच्या कोडमध्ये छापली जातात, ती कुणीही वाचू शकतं. अँड्रॉइड ॲपही उघडून बघता येतं. खरी की सर्व्हरवरच राहू द्या.

७. की एकदा गिटमध्ये गेली की पुढच्या कमिटमध्ये ती पुसून भागत नाही. जुन्या इतिहासात ती तशीच असते. ती रद्द करायची आणि नवी घ्यायची. एनिग्माची सेटिंग मध्यरात्री बदलायची, तसं.

आणि एक गैरसमज काढून टाका. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे तिजोरी नाही. सर्व्हरवर ज्याला पुरेशी परवानगी आहे तो ती वाचू शकतो. मोठ्या कामांसाठी गुपितं जपणाऱ्या वेगळ्या सेवा असतात. पण कोडमध्ये पासवर्ड लिहिण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

ज्याला काहीच सांगता आलं नाही

युद्धानंतर ट्युरिंगला ओबीई हा सन्मान मिळाला, पण तो कशासाठी हे कुणाला सांगायची सोय नव्हती. ब्लेचली पार्कमध्ये काम केलेल्या हजारो लोकांनी गुप्ततेची शपथ घेतली होती. नवराबायकोंनीही एकमेकांना काही सांगितलं नाही.

तो लंडनजवळच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत गेला आणि तिथे प्रोग्राम स्वतःच्या मेमरीत ठेवणाऱ्या कॉम्प्युटरचा तपशीलवार आराखडा केला. १९४८ मध्ये मँचेस्टरला गेला. तिथल्या कॉम्प्युटरसाठी त्याने प्रोग्रामिंगचं हँडबुक लिहिलं. मशीन विचार करू शकते का, यावरचा त्याचा प्रसिद्ध निबंध १९५० चा. आज तुम्ही चॅटबॉटशी बोलता तेव्हा ट्युरिंग टेस्टचं नाव निघतं, ते इथून आलं. १९५१ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

जानेवारी १९५२ मध्ये त्याच्या घरी चोरी झाली. तो पोलिसांकडे गेला. चौकशीत त्याने एका पुरुषाशी आपले संबंध असल्याचं लपवलं नाही. इंग्लंडमध्ये तेव्हा तो गुन्हा होता. मार्चमध्ये त्याला दोषी ठरवलं. तुरुंग नको असेल तर वर्षभर हार्मोनचे उपचार, असा पर्याय होता. त्याने उपचार घेतले. सरकारी गुप्त कामासाठीची त्याची परवानगी काढून घेतली गेली. युद्धात त्याने नेमकं काय केलं होतं, हे कोर्टात उघड करणं शक्यच नव्हतं.

७ जून १९५४ रोजी, ४२ वर्षं पूर्ण व्हायला दोन आठवडे असताना, सायनाइडच्या विषाने त्याचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. तो अपघात असावा असं त्याच्या आईला वाटायचं, आणि काही अभ्यासकांनाही वाटतं.

ब्लेचली पार्कचं गुपित १९७० च्या दशकात उघड झालं. २००९ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी सरकारतर्फे माफी मागितली. २०१३ मध्ये राणीकडून माफीपत्र निघालं. २०२१ मध्ये ५० पौंडांच्या नोटेवर त्याचं चित्र आलं. ब्रिटिशांनीच आपल्याकडे आणलेलं कलम ३७७ सुप्रीम कोर्टाने सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं, ते २०१८ मध्ये.

काही गोष्टी गुप्त ठेवाव्याच लागतात. सेटिंगचा कागद तसा होता, डेटाबेसचा पासवर्ड तसा आहे. कोण कुणावर प्रेम करतो हे लपवायला लागावं अशी गोष्ट नव्हती, आणि ट्युरिंगने ती पोलिसांपासून लपवलीही नाही. शिक्षा त्याला त्याचीच झाली.

त्या सोमवारी आम्ही डेटाबेसचा पासवर्ड बदलला, नवा डॅशबोर्डवर भरला आणि सर्व्हिस रीस्टार्ट केली. पंधरा मिनिटांचं काम होतं. तुमच्याही एखाद्या प्रोजेक्टमध्ये एखादी की कोडमध्येच पडून असेल, तर आज रात्री झोपायच्या आधी ती बदलून टाका.